वाफ, बाष्प आणि वायु

शेगडीवर किटली ठेवली आहे, पाण्याला आधण आलें आहे आणि तोटींतून पांढरा लोट निघत आहे, असें चित्र क्षणभर डोळ्यांपुढें आणा. त्या लोटाला काय म्हणावें, असें विचारलें तर लहान मूलही सांगेल कीं, ही वाफ. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकास विचारा. तो म्हणेल कीं, जें तुम्हांला दिसत आहे, तें बाष्प नव्हे. दोघांचेंही म्हणणें आपापल्या जागीं खरें आहे. या शब्दाचे निरनिराळे अर्थ आज आपणांस उलगडून पाहावयाचे आहेत. हा विषय केवळ कोशकारांचा आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. या अर्थांच्या घोटाळ्यापायीं हात भाजतात आणि प्रसंगीं घरेंही जळतात.

प्रथम शब्दाचें कुळ पाहूं. आपली ‘वाफ’ संस्कृत ‘बाष्प’ या शब्दापासून, प्राकृतांतील ‘बप्फ’ या रूपाच्या वाटेनें आली. हिंदीतील ‘भाप’ आणि गुजरातींतील ‘बाफ’ या तिच्या सख्ख्या बहिणीच होत. संस्कृतांत ‘बाष्प’ म्हणजे वाफ आणि ‘बाष्प’ म्हणजे अश्रूही. अंतःकरण तापलें म्हणजे डोळ्यांवाटे जें बाहेर पडतें तें बाष्प, ही कल्पना किती समर्पक आहे! इंग्रजींतील ‘वेपर’ हा शब्द कानाला जवळचा वाटतो खरा. परंतु तो लॅटिन भाषेंतून आला. त्याची वाट निराळी आणि आपल्या शब्दाची निराळी.

मराठीनें या शब्दाला घरोघर कामाला लावलें आहे. ‘पोह्यांना एक दणदणीत वाफ येऊं द्या’ असें गृहिणी सांगते, तेव्हां घड्याळाकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं. वाफ हेंच तेथें काळाचें माप होतें. सर्दीनें बेजार झालेला मनुष्य वाफारा घेतो. न ऐकणाऱ्यास उपदेश करूं लागलों, तर ‘तोंडाची वाफ कशाला दवडतां?’ असें आपणांस कोणी तरी विचारतो. पावसानंतर जमीन चिखलही नाहीं आणि कोरडीही नाहीं, अशी बेताची झाली म्हणजे शेतकरी ‘वाफसा आला’ म्हणतो, आणि त्या एका शब्दावर पेरणीचा मुहूर्त ठरतो.

मौज अशी कीं, जेथें वाफेचें राज्य होतें, तेथेंच आपण तिचें नांव घेतलें नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, ती वाफेच्या जोरावर. पण लोकांनीं तिला नांव दिलें आगगाडी. आगबोटीचीही तीच कथा. भट्टींतली आग डोळ्यांना दिसत होती, म्हणून ती नांवांत आली. दट्ट्या ढकलणारी वाफ दिसत नव्हती, म्हणून ती मागें राहिली.

वाफ दिसत नाहीं, हें ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. तर मग त्या किटलीकडे पुन्हां नीट पाहा. तोटीचें तोंड आणि पांढरा लोट यांच्यामध्यें थोडी जागा अगदीं रिकामी दिसते. ती रिकामी नाहीं. खरें बाष्प तेथेंच आहे. तें हवेसारखेंच पारदर्शक असतें. पुढें जाऊन तें थंड हवेंत मिसळलें कीं, त्याचे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब बनतात, आणि थेंबांचा तो समुदाय आपणांस पांढरा दिसतो. म्हणजे पांढरा लोट ही बाष्पाची पुन्हां पाणी होऊं लागलेली अवस्था होय. आकाशांतले ढग आणि घाटांतलें धुकें हींही त्याच जातीचीं.

खरें बाष्प तर आपल्या सभोंवतीं सदैव असतें. ३० अंश सेंटिग्रेड उष्णमानाच्या एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅमपर्यंत बाष्प मावतें. २० अंशांवर तेंच प्रमाण सुमारें १७ ग्रॅमांवर येतें. थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात, ते तांब्या पाझरतो म्हणून नव्हे. तांब्याजवळची हवा निवते आणि तिच्यांत न मावणारें बाष्प पाणी होऊन बाहेर पडतें. आषाढांत कोंकणांतले कपडे दोन दोन दिवस वाळत नाहींत, याचें कारणही हेंच. हवा आधींच बाष्पानें भरलेली असते. तिच्यांत नव्या पाहुण्यास जागा नसते.

आतां ‘वायु’ आणि ‘बाष्प’ यांतील भेद पाहूं. दोन्ही दिसावयास सारखींच. परंतु १८६९ सालीं बेलफास्ट येथील थॉमस अँड्र्यूज या शास्त्रज्ञानें कार्बन डायऑक्साइडवर केलेले आपले प्रयोग मांडले आणि दोहोंमधील सीमारेषा दाखवून दिली. प्रत्येक पदार्थाचें एक ठराविक उष्णमान असतें. त्याच्या वर गेल्यास कितीही दाब दिला तरी तो पदार्थ द्रव होत नाहीं. तेव्हां त्यास वायु म्हणावें. त्याच्या खालीं असतां केवळ दाबानें तो द्रव होतो. तेव्हां त्यास बाष्प म्हणावें. कार्बन डायऑक्साइडची ही सीमा सुमारें ३१ अंश आहे. म्हणजे तोच पदार्थ वैशाखांतल्या नागपुरांत वायु, आणि पौषांतल्या महाबळेश्वरीं बाष्प! पाण्याची सीमा सुमारें ३७४ अंश. प्राणवायूची मात्र शून्याखालीं सुमारें ११८ अंश. म्हणून पाण्याचें तें बाष्प, आणि प्राणवायु तो वायु.

या कसोटीवर आपल्या स्वयंपाकघरांतील ‘गॅस’ घांसून पाहा. सिलिंडर हालविला म्हणजे आंत द्रव डुचमळतो. प्रोपेन आणि ब्यूटेन यांचें तें मिश्रण नुसत्या दाबानें द्रव झालेलें असतें. त्यांच्या सीमा अनुक्रमें सुमारें ९७ व १५२ अंश आहेत. तेव्हां शास्त्राच्या भाषेंत तो गॅस नव्हे, तें बाष्प होय. गंमत पाहा: ज्याला आपण वाफ म्हणतों ते थेंब निघाले, आणि ज्याला गॅस म्हणतों तें बाष्प ठरलें!

हा भेद ओळखून काय साधतें? सांगतों. पाण्याच्या बाष्पाची गोष्ट आधीं घेऊं. १०० अंशांचें एक ग्रॅम उकळतें पाणी अंगावर पडून देहाच्या उष्णमानाला येतां येतां सुमारें ६३ कॅलरी उष्णता देतें. १०० अंशांचें एक ग्रॅम बाष्प त्वचेवर पाणी होतांना त्याआधींच सुमारें ५४० कॅलरी देऊन मोकळें होतें. माझी आजी मोदकपात्राचें झांकण कधींही आपल्याकडून उघडीत नसे. पलीकडची कड आधीं उचलून ती क्षणभर थांबे. तिला कॅलरी ठाऊक नव्हती. परंतु पांढरा लोट दिसण्यापूर्वींच चटका बसतो, हें तिला ठाऊक होतें. वाफाऱ्याचें पातेलेंही मुलाच्या मांडीवर किंवा हातीं देऊं नये. तें कलंडून होणारी इजा सर्दीपेक्षां फार भयंकर असते.

सिलिंडरांतील बाष्पाची गोष्ट याहून गंभीर. तें हवेपेक्षां दीडपट ते दुप्पट जड असतें. गळती झाली तर तें वर उडून न जातां जमिनीलगत पसरतें, ओट्याखालीं आणि कोपऱ्यांत सांचून राहतें. तें दिसत नाहीं. म्हणूनच त्यांत मुद्दाम उग्र वासाचें द्रव्य मिसळलेलें असतें. तो वास आला म्हणजे डोळ्यांनीं शोध घेऊं नका. दिव्याचें बटन चालूही करूं नका आणि बंदही करूं नका. एका ठिणगीनें अनर्थ होतो. दारें-खिडक्या उघडाव्या, रेग्युलेटर बंद करावा, माणसांना बाहेर न्यावें आणि मग बाहेरूनच मदत बोलवावी. पेट्रोलच्या डब्यालाही हाच न्याय लागू आहे: पेट घेतें तें पेट्रोलचें न दिसणारें बाष्प, आणि म्हणूनच दूरची काडीही त्याला पुरते.

श्रोतेहो, शब्द आपणांस वस्तूकडे नेतात. परंतु कधीं कधीं वस्तूच्या अलीकडेच थांबवितात. ‘वाफ’ म्हटल्यावर आपली दृष्टि पांढऱ्या लोटावर थांबते. पोह्यांवरची वाफ आणि तोंडाची वाफ या आपल्या बोलण्यांत खुशाल नांदोत. त्यांना शास्त्राची कात्री लावण्याचें कारण नाहीं. मात्र झांकण उघडतांना आणि काडी ओढतांना एवढें स्मरण असावें कीं, जें दिसतें तें निवालेलें आहे. जें दिसत नाहीं, तेथें सावध राहावयाचें आहे. आपण हें स्मरणांत ठेवलेंत, तर आजची माझ्या तोंडाची वाफ दवडली गेली नाहीं, असें मी समजेन.