शेतजमिनीचा व्यवहार आणि परवानगीचे कागद

शेतकऱ्याच्या आयुष्यात जमिनीची खरेदी वारंवार घडत नाही. कित्येक हंगाम ऊसतोडीवर जाऊन गाठीस बांधलेला पैसा, प्रसंगी कर्जाऊ काढलेली रक्कम, एका खरेदीखतात गुंतविली जाते. खत नोंदले गेले आणि ताबा मिळाला म्हणजे जमीन आपली झाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे; परंतु ती अपुरी आहे. काही जमिनी सक्षम अधिकाऱ्याच्या आगाऊ परवानगीखेरीज विकता येत नाहीत. अशी परवानगी नसेल, तर नोंदलेले खतही घेणाऱ्याच्या हक्कास आधार देऊ शकत नाही. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतात. विकणाऱ्याच्या मालकीची ग्वाही देत नाहीत. म्हणून इसार देण्यापूर्वी, या जमिनीस कोणाची परवानगी लागते, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे.

बीड जिल्ह्याची विशेष परिस्थिती

बीड जिल्हा १९५६ सालापर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे येथे हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० हा कायदा लागू आहे. आष्टी तालुक्याची हद्द अहिल्यानगर जिल्ह्यास लागून आहे. हद्दीपलीकडे जुन्या मुंबई राज्याचा १९४८ चा कूळकायदा असून त्यातील कलम ४३ लोकांच्या तोंडी असते. बीडमध्ये त्याच स्वरूपाचे बंधन कलम ५०-ब प्रमाणे येते. शेजारच्या जिल्ह्यातील सोयऱ्याचा अनुभव म्हणूनच जसाच्या तसा येथे लागू करू नये.

सातबारा कसा वाचावा

विकणाऱ्याने दाखविलेल्या जुन्या प्रतीवर विसंबू नये. डिजिटल स्वाक्षरीचा ताजा उतारा काढून त्यातील तीन जागा पाहाव्यात.

पहिली जागा भूधारणा पद्धतीची. तेथे 'भोगवटादार वर्ग १' असल्यास सामान्यतः हस्तांतरणास बंधन नसते. 'वर्ग २' असल्यास बंधन आहे, असे समजून पुढील चौकशी करावी.

दुसरी जागा 'इतर अधिकार' या रकान्याची. कूळ, बँकेचा अथवा सोसायटीचा बोजा, कलम ५०-ब चा शेरा, पुनर्वसनाची नोंद, न्यायालयीन दावा इत्यादी गोष्टी येथे आढळतात.

तिसरी जागा फेरफार क्रमांकांची. प्रत्येक क्रमांकाची नक्कल काढून जमीन विकणाऱ्याकडे कशी आली, हे मागे मागे पाहत जावे. मराठवाड्यात १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत ही साखळी जुळविणे हिताचे असते. इनामाचा संशय असल्यास मुंतखब व इनाम नोंदवहीही पाहावी. आजच्या उताऱ्यातून गळालेला शेरा जुन्या कागदात सापडू शकतो. आणि शेरा गळाला म्हणून बंधन संपत नाही.

कोणत्या जमिनीस कोणाची परवानगी

कुळाने कूळकायद्याखाली विकत मिळविलेल्या जमिनीस जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. मात्र २०१४ साली अमलात आलेल्या सुधारणेनुसार, खरेदीस दहा वर्षे झाली असल्यास विक्रीपूर्वी जमीन महसुलाच्या आकारणीच्या चाळीसपट रक्कम भरून ही परवानगी न घेता विक्री करता येते. आकार ५ रुपये असल्यास ही रक्कम २०० रुपये होते. घेणारा शेतकरी असणे, त्याची एकूण जमीन कमाल मर्यादेच्या आत राहणे आणि तुकडेबंदीचा भंग न होणे, या अटी मात्र कायम आहेत. इतक्या अल्प रकमेचे चलन भरण्याचे राहिल्यास सारा व्यवहार अडचणीत येतो.

शासनाने कसण्यासाठी दिलेली, कमाल जमीन धारणा कायद्याखाली वाटलेली अथवा प्रकल्पग्रस्तांना पुनर्वसनासाठी दिलेली जमीन, ज्या हुकुमाने दिली त्यातील अटींना बांधलेली असते. तो मूळ हुकूम पाहावा. अटींचा भंग झाल्यास जमीन सरकारजमा होण्याचा धोका असतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीस देण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ ची कडक बंधने आहेत.

देवस्थान, दर्गा अथवा मशीद यांच्या सेवेसाठी दिलेली जमीन, म्हणजे खिदमतमाश, सेवेकऱ्याच्या खाजगी मालकीची नसते. वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची असली तरी तो ती विकू शकत नाही. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. वक्फ मिळकतीस वक्फ कायदा लागू पडतो.

अज्ञान मुलाच्या नावे स्वतंत्र मिळकत असल्यास, हिंदू कुटुंबात पालकाने ती विकण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या सुधारणेपासून मुलींनाही मुलांच्या बरोबरीने हक्क आहे. बहिणींचा हिस्सा डावलून केलेला व्यवहार पुढे दाव्यास कारण होतो.

तुकडेबंदी

ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने जिरायत जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे व बागायतीचे १० गुंठे ठरले आहे. बीड जिल्हा त्यात समाविष्ट आहे. याहून लहान तुकडा पडेल अशी शेतजमिनीची विक्री करू नये. गावठाणालगतच्या व बिनशेती वापराच्या जमिनींसाठी निराळ्या तरतुदी आहेत; त्यांची चौकशी तहसील कार्यालयात करावी.

परवानगीचा हुकूम कसा तपासावा

हुकूम हाती आला म्हणजे काम संपले, असे नाही. त्यावरील क्रमांक, दिनांक आणि अधिकाऱ्याचे पदनाम पाहावे. गट क्रमांक, क्षेत्र, विकणारा व घेणारा यांची नावे उताऱ्याशी अक्षरशः ताडून पाहावीत. मुदत घातली असल्यास ती संपण्यापूर्वी खत झाले पाहिजे. नजराणा भरावयाचा असल्यास त्याचे चलन सोबत असावे. शंका आल्यास ज्या कार्यालयातून हुकूम निघाला, तेथूनच प्रमाणित नक्कल घ्यावी. 'परवानगी नंतर आणून देतो' या शब्दावर पैसे मोजू नयेत. परवानगी आधी, खत नंतर, हाच क्रम होय.

केवळ करारनाम्याने अथवा मुखत्यारपत्राने जमिनीची मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. मालकीसाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे. विहिरीतील हिस्सा, पाण्याची पाळी, वाट व झाडे यांचा उल्लेख खतात स्पष्ट करावा. कोरडवाहू मुलखात विहिरीच्या हिश्शावरून होणारे तंटे जमिनीच्या तंट्यांहून कमी नसतात.

खरेदीनंतर

खत नोंदल्यावर फेरफाराची नोंद धरली जाते. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोंद प्रमाणित होऊन उताऱ्यावर नाव येईपर्यंत पाठपुरावा करावा. तथापि फेरफार हा मालकी निर्माण करीत नाही. मूळ खत व परवानगी निर्दोष असेल तरच त्याला बळ असते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात जमिनीचा सौदा ठरत असल्याचे कळताच दोन्ही पक्षांस या गोष्टी समजावून द्याव्यात. उतारा, फेरफारांच्या नकला व परवानगीचा हुकूम हे तीन कागद एकत्र ठेवून वाचण्याची सवय लागली, तर पुष्कळ दावे उभेच राहणार नाहीत. इसारापूर्वी यात गेलेले आठ दिवस पुढील वीस वर्षांच्या कोर्टकचेरीपेक्षा निश्चितच स्वस्त पडतात.