गुलामचोर : हॉस्टेलचा सोपा खेळ

सबमिशन संपलं की हॉस्टेलवर पत्ते निघतातच. पण रमी, मेंढीकोट सगळ्यांना कुठे येतं? फर्स्ट इयरचे काही जण नुसते बाजूला बसून बघत राहतात. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. इथे आले तेव्हा मराठी बोलताना अडखळायचे, मेंढीकोट तर ऐकलंही नव्हतं. मला पहिल्यांदा डावात घेतलं ते गुलामचोरने. शाळेत हाच खेळ आम्ही 'ओल्ड मेड' म्हणून खेळायचो. त्यात गुलामाऐवजी राणी एकटी उरते.

खेळायचं कसं? ५२ पानांच्या कॅटमधून तीन गुलाम काढा. उरलेली ४९ पानं पिसून सगळी वाटा. चौघं असाल तर एकाला १३ आणि बाकीच्यांना १२ येतील, त्याने काही बिघडत नाही. हातातल्या जोड्या (दोन राजे, दोन सत्त्या) खाली टाका. तीन सत्त्या असल्या तर दोनच जातात. मग आपली पानं डावीकडच्यापुढे पालथी धरायची, त्याने न बघता एक ओढायचं. जोडी जमली तर टाकायची, नाहीतर ठेवायची. हात रिकामा झाला तो सुटला. २४ जोड्या गेल्या की गुलाम ज्याच्या हातात, तो चोर!

आता प्रकार बघू.

१) छुपा चोर : गुलाम काढायचेच नाहीत. न बघता कुठलंही एक पान बाजूला ठेवायचं. चोर कोणतं पान, हे शेवटपर्यंत कळत नाही!

२) रंगजोडी : लालला लाल, काळ्याला काळं. फक्त किलवरचा गुलाम काढा, इस्पिकचा गुलाम चोर. जोड्या लवकर जमत नाहीत, त्यामुळे डाव लांबतो.

३) जोकर : जपानमधल्या 'बाबानुकी'त ५२ पानांत एक जोकर घालतात. चोर तोच.

थोडं मॅथ्स. शेवटी दोघंच उरले, तुमच्याकडे एक पान, समोरच्याकडे दोन, आणि ओढायची पाळी तुमची. लगेच सुटायचा चान्स १/२. गुलाम आला तर तीच संधी समोरच्याला. म्हणून p = १/२ + १/२(१ − p), म्हणजे p = २/३. मात्र गुलाम हातात आला की पानं पुन्हा पिसा आणि चेहरा सरळ ठेवा, नाहीतर हे गणित कोलमडतं.

पैसे लावायची गरज नाही. आमच्या विंगमध्ये चोर सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरून आणतो. नियम पाच मिनिटांत समजतात, भाषा कुठलीही चालते. तेव्हा बाजूला कुणी गप्प बसलेलं दिसलं, तर पुढच्या डावात त्यालाही पानं वाटा.