नाण्याला आठवण नसते

दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ नावाचे प्रकरण आहे. आमच्या अहमदपुरात पालक भेटले की म्हणतात, “सर, आमच्या वेळी हे नव्हतं. पोरांना काय सांगावं?” मी सांगतो, सूत्र नंतर, आधी यादी करायला लावा.

गृहपाठातला नेहमीचा प्रश्न घ्या. दोन नाणी एकदम फेकली, तर निदान एक छापा येण्याची संभाव्यता किती? पोर म्हणते, दोन्ही छापे, दोन्ही काटे किंवा एकेक. प्रकार तीन, म्हणून उत्तर दोन तृतीयांश. त्याच्यावर रागावू नका. फ्रान्सचा थोर गणिती दालांबेर याने १७५४ साली विश्वकोशात नाणे दोनदा फेकण्याच्या अशाच प्रश्नाला हेच चुकीचे उत्तर दिले होते.

पोराच्या हातात रुपयाचे एक आणि पाचाचे एक नाणे द्या. रुपयावर छापा व पाचावर काटा हा एक प्रकार. रुपयावर काटा व पाचावर छापा हा दुसरा. म्हणजे एकूण प्रकार ४ आणि त्यांतल्या ३ मध्ये छापा आहे. उत्तर तीन चतुर्थांश. या पूर्ण यादीलाच पुस्तकात ‘नमुना अवकाश’ म्हणतात. मग नाणी ४० वेळा फेकून वहीत रेघा मारू द्या. छापा असलेल्या रेघा ३० च्या आसपास येतील. बरोबर ३० च येतील असे नाही.

मात्र यादीतले सगळे प्रकार सारख्याच शक्यतेचे हवेत. उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, प्रकार दोनच; म्हणून उन्हाळ्यात पावसाची संभाव्यता निम्मी होत नाही. हे शेतकऱ्याच्या पोराला लगेच पटते.

आता शेवटचा प्रश्न विचारा. एकाच नाण्यावर लागोपाठ पाच छापे पडले, सहाव्यांदा काय? पोर म्हणेल, आता काटाच! पण नाण्याला मागचे आठवत नाही. संभाव्यता निम्मीच राहते. ‘इतके दिवस आला नाही, आज येणारच’ याच भरवशावर माणसे मटक्याचा आकडा लावतात. समजा, शून्य ते नऊपैकी एक आकडा लागतो आणि रुपयाला ९ रुपये मिळतात. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर १० जातात आणि ९ येतात. रोज एक रुपया कमीच.

हा हिशेब पोराला स्वतःच्या हाताने वहीत मांडू द्या. परीक्षेत गुण मिळतीलच. पुढे कमाईचा पैसाही वाचेल.