टायरच्या पोटातली हवा

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकात टायरवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण आमचे घर चार टायरांवर चालते. वडील भाड्याची मोटार चालवतात. 2023 च्या मे महिन्यात येवल्याच्या अलीकडे त्यांच्या गाडीचा मागचा टायर फुटला, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. गाडी रस्ता सोडून एका बाभळीजवळ थांबली. कुणाला लागले नाही. नवल हे, की टायरची नक्षी चांगली शाबूत होती. मग तो फुटला कसा? हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना, म्हणून त्या सुट्टीत चुलत्यांच्या पंक्चरच्या दुकानात जाऊन बसू लागलो.

काकांनी पहिल्याच दिवशी आडवा कापलेला एक जुना टायर पुढ्यात टाकला. टायर म्हणजे रबराचे जाड कडे, ही माझी समजूत तिथेच संपली. सर्वांत आत हवा झिरपू न देणाऱ्या रबराचे पातळ अस्तर. ट्यूबलेस टायरात ट्यूबचे काम तेच करते. त्यावर पॉलिएस्टरचे दोरे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शेजारी शेजारी लावलेले. येवल्याच्या मागावर नुसता ताणा असावा आणि बाणा घालायचा राहून जावा, तसे! दोन्ही कडांना पोलादी तारांची वेटोळी असतात, ती रिमला घट्ट धरून ठेवतात. नक्षीच्या खाली एकमेकांना छेद देणारे पोलादी तारांचे दोन पट्टे. ही रेडियल बांधणी. मिशेलिन कंपनीने 1946 साली तिचे पेटंट घेतले. रबराचा काळा रंग काजळीचा, आणि ती रंगासाठी नव्हे तर बळकटीसाठी घालतात. हवा भरलेला टायर लोकांच्या वापरात आणला तो 1888 मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्याने, आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी. असो.

काका म्हणाले, "अरे, वजन रबर उचलत नाही, हवा उचलते. रबर नुसती पिशवी."

सगळे इंगित या वाक्यात आहे. मोटारीचा एक टायर जमिनीला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. टेकताना त्याची बाजू वाकते, उचलताना सरळ होते. ताशी 80 किलोमीटर वेगाला हे सेकंदाला अकरा-बारा वेळा घडते. हवा कमी असली की वाकणे वाढते, वाकण्याने उष्णता वाढते, आणि उष्णतेने दोऱ्यांची रबरावरची पकड सुटू लागते. बाहेरून काहीही दिसत नाही. आमच्या टायरात बारीक खिळा होता. हवा कित्येक दिवस हळूहळू जात असावी. त्यात पाच माणसे, सामान आणि मे महिन्याचा डांबरी रस्ता!

वडील तोवर टायरला लाथ मारून हवा ओळखत. पुष्कळ ड्रायव्हर असेच करतात, आणि माझ्या मते या सवयीइतकी खोटी खात्री दुसरी नाही. ताठ बाजूच्या रेडियल टायरात हवा बरीच उतरली तरी पायाला समजत नाही. गेजच हवे, महिन्यातून निदान एकदा, गाडी थंड असताना. हवा किती भरायची ते बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. भरल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तोही पाहावा. धावून तापलेल्या टायरात आकडा चढतो. तो पाहून हवा सोडू नये.

झीजही बोलते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेली. नक्षीच्या खाचांत बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की 1.6 मिलिमीटर उरली असे समजावे, आणि टायर बदलावा. बाजूवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. जुना टायर न वापरताही कडक होतो आणि बाजूला तडे जातात. बाजूला फुगवटा दिसला तर आतले दोरे तुटले आहेत. तो टायर तेव्हाच काढावा, उद्यावर ढकलू नये.

वडिलांनी आता गेज घेतले आहे. पहिल्या दिवशी चारही चाके तपासून झाल्यावर मी स्टेपनीला लावले. तिथे 30 च्या जागी 9 होते.