जड पाणी आणि घरातले यंत्र

परवा शेजारचे अण्णा बाटलीत बोअरचे पाणी घेऊन आले. "मास्तर, घरभराच्या पाण्याला गाळणी बसवतोय. डाळ शिजत नाही, बंबात खपली धरते. आगाऊ रक्कमसुद्धा देऊन आलो." पाणी पाहिले तो काचेसारखे स्वच्छ! यात गाळायचे ते काय?

श्रोतेहो, पुष्कळांची फसगत होते ती इथेच. वाळूच्या गाळणीने गढूळपणा जातो, कोळशाच्या गाळणीने वास जातो. विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मात्र दोहोंतून सुखरूप पार होतात. त्यांना अडवायला राळेच्या मण्यांचे यंत्र लागते. हे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम पाण्यात सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे. पुन्हा कामाला तयार. मीठ घालायचा कंटाळा केलात, तर यंत्र नुसते शोभेचे! आणि ते धुवण झाडांना घालू नका हो.

घेण्यापूर्वी पाणी तपासून घ्यावे. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००, २०१२) पिण्याच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरमागे २०० मिलिग्रॅम जडपणा चालतो. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत. अण्णांचा आकडा निघाला ५४०.

पण अण्णांना रक्तदाब. वाढीव सोडियम पोटात कशाला? म्हणून यंत्र न्हाणीघराच्या नळापुरते ठेवा म्हटले. डाळीचे पाणी आधी उकळून निवळू द्यावे. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा तळाशी बसतो, आणि बंबातली खपली ही त्याचीच खूण. अण्णा सध्या आगाऊ रक्कम परत मागायला गेले आहेत.