रविवार खंडोबाचा, सुट्टी कामगारांची आणि कासेगावच्या गेल ऑम्व्हेट

ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय.

आमच्या नागापूरच्या एमआयडीसीत पाळी सुटली की एकाच बाइकवर युनियनचं स्टिकर आणि मल्हारी मार्तंडाचंही स्टिकर दिसतं. मला हे विसंगत वाटायचं. हक्काची लढाई वेगळी, देवधर्म वेगळा, नाही का?

तर नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये उभी केली. त्यांची एक मोठी मागणी होती आठवड्याच्या सुट्टीची. रविवारच का? तर तो खंडोबाचा वार, हाही एक मुद्दा होता. १८९० मध्ये सुट्टी मिळाली. आता गंमत बघा, हे लोखंडे म्हणजे जोतिराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. पुरोहितशाहीला विरोध, पण कामगाराच्या खंडोबाला नाही.

या सत्यशोधक चळवळीवर अमेरिकेतल्या एका मुलीने पीएचडी केली. डॉ. गेल ऑम्व्हेट. जन्म १९४१, मिनिआपोलिसचा. बर्कलेच्या विद्यापीठात १९७३ मध्ये त्यांनी प्रबंध पूर्ण केला, विषय १८७३ ते १९३० मधली ब्राह्मणेतर चळवळ. पदवी मिळाली, काम झालं, असं त्यांनी केलं नाही. त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला आल्या, भरत पाटणकरांशी लग्न केलं, १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. श्रमिक मुक्ती दलात काम केलं, शेतमजूर बायकांच्या सभांना गेल्या आणि त्यावर लिहिलंही.

त्यांचा डाव्या मंडळींशी वाद होता तो इथेच. नुसता पगार आणि वर्ग बघून इथला कामगार कळत नाही, जात बघावी लागते, असं त्या ठणकावून सांगायच्या. धर्माकडेही त्यांनी ‘अफूची गोळी’ म्हणून पाठ फिरवली नाही. बौद्ध धर्मावर पुस्तक लिहिलं, रविदास-कबीर-तुकोबांमध्ये जातिमुक्त समाजाचं स्वप्न शोधलं, पाटणकरांबरोबर तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले.

सगळंच पटेल असं नाही हं. शरद जोशींच्या खुल्या बाजाराला त्यांनी पाठिंबा दिला, मोठ्या धरणांच्या सरसकट विरोधावर टीका केली. जुने सोबती नाराज झाले. मलाही धरणाचा मुद्दा अर्धाच पटतो.

२५ ऑगस्ट २०२१ ला त्या गेल्या, कासेगावातच.