कायदा वॉशिंग्टनचा, खुर्ची जिनिव्हाची

मे महिन्यात अमरावती जिल्ह्यातल्या वरूडकडचे बागायतदार मृग बहारासाठी संत्र्याच्या बागा ताणावर सोडतात. त्याच दिवसांत तिकडे जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेची सभा भरते आणि तैवानला आत बसू द्यायचं की नाही, हा वाद पुन्हा निघतो. अमेरिकेने तैवानसाठी कायदा केल्याची बातमी वाचली की आपल्याकडे टपरीवर चहा संपायच्या आत निकालही लागतो. त्यातले काही निकाल तपासून पाहू.

गैरसमज १ : अमेरिकेने कायदा केला, म्हणजे तैवानला जागा मिळाली.
वस्तुस्थिती : २००४ आणि २०२२ चे अमेरिकी कायदे कामाला लावतात ते त्यांच्याच परराष्ट्र खात्याला. तैवानला निरीक्षकाचा दर्जा मिळावा म्हणून काय करणार, ते ठरवा आणि संसदेला कळवा, एवढंच ते सांगतात. जिनिव्हातली खुर्ची त्यांच्या हातात नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये तर अमेरिकेनेच संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला.

गैरसमज २ : तैवानला तिथे कधीच बसू दिलं नाही.
वस्तुस्थिती : १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी चीनची जागा तैपेईतल्या तैवान सरकारकडून काढून बीजिंगला दिली. १९७२ मध्ये आरोग्य संघटनेनेही तेच केलं. मात्र २००९ ते २०१६ या काळात ‘चिनी तैपेई’ या नावाने तैवानला निरीक्षक म्हणून बोलावणं येत होतं. निरीक्षकाला सभेत बसता येतं, मत देता येत नाही. २०१७ पासून तेही बोलावणं थांबलं.

गैरसमज ३ : संयुक्त राष्ट्रांचा सदस्य नसेल, तर दार बंदच.
वस्तुस्थिती : कुक बेटं आणि निउए संयुक्त राष्ट्रांचे सदस्य नाहीत, तरी आरोग्य संघटनेचे पूर्ण सदस्य आहेत. न्यूझीलंडच्या ताब्यातलं टोकेलाऊ सहयोगी सदस्य आहे; अशा प्रदेशासाठी अर्ज त्याचा परराष्ट्र कारभार पाहणाऱ्या देशाने करायचा असतो. तैवानचं घोडं इथेच अडतं. चीन त्याला आपला प्रांत म्हणतो, आणि तैवानला चीनच्या अर्जावर आत जायचं नाही.

गैरसमज ४ : परतंत्र देशाला अशा ठिकाणी कोण विचारतो?
वस्तुस्थिती : आपलंच उदाहरण घ्या. इंग्रजांचं राज्य असतानाच भारत संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य होता. आरोग्य संघटनेच्या घटनेवर जुलै १९४६ मध्ये भारताची सही झाली, तेव्हाही स्वातंत्र्य वर्षभर लांब होतं. १२ जानेवारी १९४८ ला भारत रीतसर सदस्य झाला आणि १९५० मध्ये आपल्या तेव्हाच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर सभेच्या अध्यक्ष झाल्या.

गैरसमज ५ : जिनिव्हाचा हुकूम सुटला की आपल्या जिल्ह्यात टाळेबंदी.
वस्तुस्थिती : कोरोनाच्या साथीत फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, ती इथल्या प्रशासनाच्या आदेशाने. त्यामागचे कायदेही इथलेच : मुंबईच्या प्लेगच्या वेळचा १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी कायदा करायचा, तर राज्यघटनेच्या कलम २५३ नुसार तो अधिकार संसदेचा आहे.

थोडक्यात, कायदा बांधतो तो करणाऱ्याच्याच सरकारला. वॉशिंग्टनच्या कायद्याने जिनिव्हात खुर्ची मांडली जात नाही, तसा जिनिव्हाच्या ठरावाने वरूडचा बाजार बंद होत नाही.